आधी नकाशा, मग नारळ

भूमिपूजनाचा मुहूर्त काढावयाचा म्हटला की आपल्याकडे पंचांग उघडले जाते, गुरुजींना बोलावणे जाते, पूर्व कोठे आणि ईशान्य कोठे ह्याची चर्चा रात्री उशिरापर्यंत रंगते. परंतु ज्या भूमीचे पूजन करावयाचे, ती नेमकी कोठून कोठपर्यंत आपली आहे, हे सांगणारा कागद घरातल्या किती मंडळींनी डोळ्यांनी पाहिलेला असतो? बहुधा कोणीच नाही. तो कागद ‘फायलीत’ असतो, फाईल कपाटात असते, आणि कपाटात नुसता सातबाराच निघतो!

मग बांधकामाच्या परवानगीची वेळ येते. पालिकेच्या खिडकीवर ‘साइट प्लॅन जोडा, मोजणी नकाशा जोडा, झोन दाखला जोडा’ असे सांगितले जाते, आणि बिचारा गृहस्थ गोंधळून जातो. अशा वेळी कोणीतरी हितचिंतक भेटतोच. “तुम्ही कशाला हेलपाटे घालता? एवढे एवढे द्या, सगळे नकाशे घरपोच आणून देतो,” असे तो म्हणतो. आकडा ऐकून छातीत धस्स होते. पण घर बांधावयाचे म्हटल्यावर खर्च आलाच, अशी मनाची समजूत घालून पैसे मोजले जातात.

वास्तविक नकाशा ही महाग वस्तू नव्हे. सरकारी नकाशाचे दर ठरलेले आहेत, काही नकाशे तर एक पैसा न देता पाहावयास मिळतात. महाग पडतो तो न समजता घेतलेला नकाशा, चुकीच्या वेळी घेतलेला नकाशा आणि दुसऱ्यानेच आणून दिलेला, आपण कधी उघडूनही न पाहिलेला नकाशा. म्हणून ह्या दिवाळीत फराळाचे ताट बाजूला सारून घटकाभर ह्या रूक्ष वाटणाऱ्या विषयाकडे वळावे, अशी वाचकांना विनंती आहे. आयुष्याची पुंजी ज्या वास्तूत घालावयाची, तिच्या पायाखालचा हा कागद आहे.

सातबारा म्हणजे नकाशा नव्हे

“अहो, सातबारा आहे ना आपल्याजवळ? मग नकाशा आणखी कशाला?” हा प्रश्न घरोघर विचारला जातो, आणि बहुतेक घरांतील ‘अहो’ त्यावर गप्प बसतात. उत्तर मात्र शिवणकाम जाणणाऱ्या कोणत्याही गृहिणीस सहज पटण्याजोगे आहे. कापड किती वार आहे हे सांगून शिंपी पोलके शिवील काय? त्याला छाती, कंबर, बाही ह्यांचे माप द्यावे लागते. सातबारा किंवा शहरातील मिळकत पत्रिका, जिला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो, ती जमीन कोणाची आणि किती, एवढेच सांगते. जमिनीचा आकार कसा, बाजू किती लांब, रस्ता कोणत्या अंगाला, शेजारी कोण, हे सांगावयाचे काम नकाशाचे.

परवानगीच्या कामी जे कागद लागतात, त्यांतील प्रत्येक कागद एकाच प्रश्नाचे उत्तर देतो. हे ध्यानात ठेवले म्हणजे निम्मा गोंधळ नाहीसा होतो.

पहिला प्रश्न : जमीन कोणाची? ह्याचे उत्तर सातबारा अथवा मिळकत पत्रिका. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. त्यासाठी कोणाच्या पाया पडावयास नको.

दुसरा प्रश्न : जमीन गावात किंवा शहरात कोठे आहे आणि तिच्या लगत कोण आहे? ह्याचे उत्तर गावनकाशा, गट नकाशा किंवा सिटी सर्व्हेच्या नकाशाचा उतारा. ‘महाभूनकाशा’ ह्या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर घातला की जमिनीची आकृती पडद्यावर येते. पाहण्याला पैसे पडत नाहीत. लगतचे गट नंबरही तेथेच दिसतात आणि ही यादी पुढे मोजणीचा अर्ज भरताना फार उपयोगी पडते.

तिसरा प्रश्न : जमिनीवर हद्द प्रत्यक्ष कोठे येते? ह्याचे उत्तर भूमी अभिलेख खात्याचा मोजणी नकाशा. अर्जदाराला मिळणाऱ्या ह्या नकाशाला ‘क’ प्रत म्हणतात. घराच्या परवानगीत सर्वांत वजनदार कागद हाच.

चौथा प्रश्न : त्या जागी घर बांधता येईल काय? ह्याचे उत्तर झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे शहरांचे विकास आराखडे होतात. आपल्या प्लॉटावर बागेचे आरक्षण आहे की रुंद होणारा रस्ता अंगणातून जाणार आहे, हे येथे कळते. प्लॉट विकत घेण्यापूर्वीच हा कागद मागवणारा मनुष्य शहाणा. घेतल्यावर मागवणारा निदान सावध. आणि मुळीच न मागवणारा? त्याच्याविषयी दिवाळीच्या दिवसांत न बोलणेच बरे.

पाचवा प्रश्न : आपण काय बांधणार आणि कोठे? ह्याचे उत्तर वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता काढून देतो तो साइट प्लॅन आणि घराचा आराखडा.

आता पाहा, पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे सरकारच्या दप्तरात तयार आहेत किंवा ठरलेल्या शुल्कात तयार होतात. ती स्वतः मिळवता येतात. तज्ज्ञाची फी खरोखर द्यावयाची ती पाचव्या प्रश्नासाठी. पाचही कामे एकाच गठ्ठ्यात दुसऱ्याला दिली, म्हणजे कशाचे किती पडले हे कधीच समजत नाही.

काडेपेटीहून लहान प्लॉट

मुंबई महानगरपालिका आणि आणखी काही क्षेत्रे वगळता उरलेल्या महाराष्ट्रात २०२० च्या डिसेंबरपासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. ह्या नियमावलीत नकाशांची प्रमाणे सांगितलेली आहेत. एक हेक्टरपर्यंतच्या जागेचा साइट प्लॅन निदान १:५०० ह्या प्रमाणावर हवा, आणि परिसर दाखवणारा की प्लॅन निदान १:४००० ह्या प्रमाणावर. की प्लॅनमध्ये भोवतालच्या २०० मीटरच्या टापूतील ओळखीच्या खुणा, म्हणजे रस्ता, शाळा, देऊळ, ओढा वगैरे दाखवावयाच्या असतात.

१:५०० म्हणजे काय? नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर. आपला प्लॉट दहा मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब असेल, तर कागदावर तो दोन सेंटिमीटर बाय तीन सेंटिमीटर होतो. काडेपेटीवर ठेवला तर काडेपेटीच मोठी दिसेल! ह्या एवढ्याशा चौकोनात आपले घर, अंगण, तुळशीवृंदावन आणि स्कूटर ठेवण्याची जागा बसावयाची असते.

आता पेन्सिलीची रेघ घ्या. अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ १:५०० च्या नकाशावर २५ सेंटिमीटर जमीन व्यापते. म्हणजे जवळजवळ नऊ इंची भिंत! आणि हीच रेघ १:५००० प्रमाणाच्या नकाशावर ओढली तर अडीच मीटर झाली. अडीच मीटरांत न्हाणीघर आणि बाजूचा बोळ दोन्ही बसतात. म्हणूनच गावनकाशाची मोठी केलेली झेरॉक्स घेऊन ‘ही पाहा आमची हद्द’ असे शेजाऱ्याला सांगता येत नाही. नकाशा फुगवला की रेघही फुगते. अचूकपणा काही वाढत नाही. उपग्रहाच्या छायाचित्रावरून काढलेल्या आकृतीचीही तीच कथा. जागा ओळखावयास ती उत्तम. हद्द ठरवावयास निरुपयोगी.

छापण्याच्या वेळीही एक लहानशी खबरदारी घ्यावी. संगणकाच्या दुकानात कागदावर मावावा म्हणून नकाशा सहज बारीक केला जातो. तो शंभरास पंच्याण्णव ह्या मानाने लहान झाला, की १:५०० चे प्रमाण राहिले नाही. दहा मीटरची बाजू पट्टीने मोजली तर साडेनऊ मीटर भरेल. नकाशावर मापाची पट्टी छापलेली असते, तिच्यावर आपली फूटपट्टी ठेवून एकदा ताडून पाहावे. शाळेतला मुलगाही हे काम करील, आणि त्याला प्रमाणाचा धडा आयुष्यभर आठवेल.

सोळा आण्यांची साखळी

आपल्या जमिनीचे नकाशे आले कोठून, हेही थोडे पाहण्यासारखे आहे. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात शेतांची नवी मोजणी आणि आकारणी हाती घेतली. ती पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. मुंबई शहराची तपशीलवार मोजणी कर्नल लॉटन ह्यांनी १८६५ ते १८७२ ह्या काळात केली.

त्या मोजणीची साखळी ३३ फूट लांब असे आणि तिचे सोळा भाग केलेले असत. त्या भागांना ‘आणे’ म्हणत. एक आणा म्हणजे सुमारे दोन फूट. साखळी आणि काटकोन पाहण्याचा शंकू एवढ्या दोन साधनांनी मोजणीदार उन्हातान्हातून गावेच्या गावे मोजत हिंडले. तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आपण आजही ‘दोन गुंठे घेऊन ठेवलेत’ असे म्हणतो, तेव्हा त्या जुन्या साखळीचीच आठवण काढत असतो.

ही केवळ गंमत नव्हे, तिच्यात व्यवहाराची गोष्ट आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर ह्यांत असते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटरांहून किंचित अधिक. बोलताना दोन्ही एकच समजले जातात. दहा गुंठ्यांत ह्या ‘सारखेच की’ म्हणण्याने जवळजवळ बारा चौरस मीटरांचा फरक पडतो. बारा चौरस मीटर म्हणजे एक चांगली झोपण्याची खोली झाली!

टिपण, फाळणी, गुणाकार बुक, आकारफोड अशी त्या जुन्या दप्तरांची नावे. आजचा भूकरमापक उपग्रहाशी जोडलेले ‘रोव्हर’ नावाचे यंत्र घेऊन येतो, आणि त्याच्या मदतीसाठी राज्यात ७७ ठिकाणी कायमची संदर्भ केंद्रे उभारलेली आहेत. तरीसुद्धा यंत्र सांगते ते ‘हा बिंदू पृथ्वीवर कोठे आहे’ एवढेच. हद्द कोठे होती हे सांगते जुने दप्तर. म्हणून खाजगी सर्व्हेअरने कितीही सुबक नकाशा काढून दिला, तरी त्याला मोजणी खात्याच्या नकाशाची जागा घेता येत नाही. झाडे, विहीर, चढउतार दाखवावयास तो नकाशा वास्तुविशारदाला उपयोगी पडतो. परंतु साइट प्लॅन आधारावयाचा तो भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीवरच, असे नियमावली सांगते.

खर्च किती, दिवस किती?

आता मुख्य मुद्दा, पैशाचा. मोजणीचा अर्ज ‘ई-मोजणी’ प्रणालीतून करता येतो किंवा तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख ह्यांच्या कार्यालयातून. २०२४ च्या डिसेंबरपासून जे दर लागू झाले त्यांत मोजणीचे दोनच प्रकार ठेवले गेले : नियमित आणि द्रुतगती. खाजगी व्यक्तीसाठी ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २,००० रुपये आणि द्रुतगतीला ८,००० रुपये. पालिकेच्या हद्दीत एक हेक्टरपर्यंत नियमितला ३,००० आणि द्रुतगतीला १२,००० रुपये. त्या वेळी नियमित मोजणीसाठी ९० दिवसांची आणि द्रुतगतीसाठी ३० दिवसांची मुदत ठेवण्यात आली. दर बदलत असतात. म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी चालू दर पाहून घ्यावा.

ह्या आकड्यांकडे गृहिणीच्या नजरेने पाहावे. शहरात साठ दिवसांची घाई नऊ हजार रुपयांना पडते! लग्न ठरल्यावर आठ दिवसांत शालू आणावयास निघालो, तर दुकानदार सांगेल ती किंमत द्यावी लागते, तसेच हे. ज्याने घराचा विचार मनात येताच मोजणीचा अर्ज टाकला, त्याला द्रुतगतीची गरजच नाही. नकाशाच्या बाबतीत स्वस्ताईचे पहिले सूत्र हेच : पैसा नसेल तर वेळ हाताशी ठेवावा.

दुसरे सूत्र : आधी विचारावे, मग भरावे. मंजूर लेआउटमधील प्लॉट असेल, तर त्या लेआउटची मोजणी आणि आखणी पूर्वीच झालेली असते. पुष्कळदा मंजूर लेआउटची प्रमाणित प्रतच परवानगीला पुरते. म्हणून पालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात जाऊन ‘आमच्या प्लॉटाला नेमके कोणते नकाशे लागतील?’ हे विचारून यादी लिहून घ्यावी. नको असलेला नकाशा कितीही स्वस्त मिळाला तरी तो महागच.

तिसरे सूत्र : अर्जात मोजणीचा हेतू नीट लिहावा. हद्द कायम करावयाची की पोटहिस्सा पाडावयाचा की बिनशेतीसाठी मोजणी हवी, ह्यावर पुढचे सारे अवलंबून असते. भावाभावांत वाटणी झालेली नसताना हद्द कायमची मोजणी मागवली, तर नकाशा सबंध गटाचा येईल. त्यात आपल्या वाट्याचा तुकडा शोधून सापडणार नाही, आणि पुन्हा पैसे भरणे नशिबी येईल.

चौथे सूत्र जुन्या घरावर मजला चढवू पाहणाऱ्यांसाठी. पूर्वीच्या बांधकामाचा मंजूर नकाशा पालिकेच्या दप्तरात असू शकतो. घरातील प्रत वाळवीने खाल्ली असली, तर ती नव्याने काढून घेण्यापूर्वी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करून पाहावा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. नकाशाच्या मोठ्या कागदाचा प्रत्यक्ष खर्च काय तो वेगळा.

मोजणीच्या दिवशी रजा काढावी

मोजणीची तारीख कळली, की त्या दिवशी ऑफिसातून रजा काढावी. हा सल्ला साधा आहे. पण फार थोडे लोक तो पाळतात. ‘तुम्ही जा हो, काय ते बघा,’ असे सांगून मध्यस्थाला किंवा चुलतभावाला पाठवले जाते. नकाशा येतो तेव्हा कोठला दगड कोठे रोवला, हे मालकालाच ठाऊक नसते.

आदल्या दिवशी हद्दीवरची झुडपे, गवत, पालापाचोळा काढून ठेवावा. खुणांसाठी दगड आणि चुना तयार ठेवावा. ते पुरवणे अर्जदाराकडे असते. लगतच्या मालकांना खात्याकडून नोटीस जाते. तरीही आपण स्वतः जाऊन ‘काका, उद्या मोजणी आहे, आपण अवश्य या’ असे सांगून यावे. नोटिशीने मनुष्य बिथरतो, आमंत्रणाने येतो. त्याच्या देखत रोवलेला दगड पुढे वीस वर्षे भांडण टाळतो. मोजणी झाल्यावर दगडांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि जमल्यास त्याच आठवड्यात कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब उभे करावेत.

‘क’ प्रत हाती आली, की तिच्या कोपऱ्यातील खुलासा आधी वाचावा. दप्तराप्रमाणे हद्द कोणत्या रेषेने दाखवली आहे आणि प्रत्यक्ष वहिवाट कोणत्या, हे तेथे लिहिलेले असते. ह्या दोन रेषा एकमेकींवर पडल्या तर देवाचे आभार मानावेत. त्या वेगळ्या दिसल्या, तर मधला पट्टा हाच आपला प्रश्न. मोजणी चुकीची वाटत असेल, तर निमताना मोजणी मागण्याची सोय आहे. म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी. कुंपण उपटून फेकण्याची सोय मात्र कायद्यात नाही.

एका फुटाने काय होते, असे म्हणणाऱ्यांसाठी एक त्रैराशिक. प्लॉटाची बाजू ५० फूट आहे, भिंत एक फूट आत सरकली. गेली जागा ५० चौरस फूट. समजा, तेथील भाव चौरस फुटाला ४,००० रुपये आहे. म्हणजे एका फुटाने दोन लाख रुपये गेले. उलट भिंत एक फूट शेजाऱ्याकडे सरकली, तर दोन लाख, कोर्टाची पायरी आणि संक्रांतीचा तिळगूळ असे तिन्ही गेले! आणि हे सारे टाळावयाला लागणारी रक्कम होती तीन हजार.

तीन क्षेत्रांतले लहान ते खरे

परवानगीच्या अर्जासोबत क्षेत्रफळाचा एक तक्ता असतो. त्यात प्लॉटाचे क्षेत्र तीन प्रकारे भरावयाचे : मालकीच्या कागदाप्रमाणे, मोजणी नकाशाप्रमाणे आणि जागेवर प्रत्यक्ष आहे त्याप्रमाणे. ह्या तिहींपैकी जे सर्वांत कमी, ते धरून बांधकाम किती करता येईल हे ठरते. खरेदीखतात १५० चौरस मीटर, मोजणीत १४६ आणि जागेवर १४८ असेल, तर हिशेब १४६ चाच. पैसे मात्र आपण १५० चे मोजलेले असतात.

ह्यावरून एक गोष्ट उघड होते. मोजणी करावयाची ती घर बांधताना नव्हे, प्लॉट घेताना. विक्रेत्याला ‘मोजणी करून द्या, मग क्षेत्राप्रमाणे पैसे देतो’ असे म्हणण्यात कसलाही अपमान नाही. दहा तोळे सोने घेताना आपण तराजूकडे पाहतोच की! जुन्या सोसायट्यांतील सभासदांनीही हे ध्यानात ठेवावे. पुनर्विकासाच्या बोलण्यांना बसण्यापूर्वी सोसायटीच्या जागेची मिळकत पत्रिका आणि मोजणी दोन्ही ताडून घेतली, तर बांधकामदाराशी बोलताना आपला आकडा आपल्या खिशात असतो.

वास्तुविशारदाकडे जाताना हे सारे कागद एका पिशवीत घालून न्यावेत. पहिल्याच भेटीत त्याची फी कशाकशाची आहे, हे लिहून घ्यावे : आराखडा, परवानगीचे नकाशे, कार्यालयातील त्रुटींची पूर्तता, जोते झाल्यावरचा दाखला आणि घर पुरे झाल्यावरचा भोगवटा दाखला. मंजूर नकाशाची संगणकीय प्रतही आपल्याला मिळावी, असे तेव्हाच ठरवून टाकावे. दहा वर्षांनी गच्चीवर खोली काढताना तीच प्रत पुन्हा काढण्याचा खर्च वाचतो. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या लहान प्लॉटांसाठी नव्या नियमावलीत परवानगीची सोपी पद्धत ठेवली आहे. नकाशा मात्र तेथेही लागतो आणि तो जाणकार तांत्रिक माणसाच्या सहीचाच लागतो.

गावच्या घराचे काय?

दिवाळीला पुष्कळ मंडळी गावी जातात. तेथील जुने घर पडायला आले आहे, ते उतरवून दोन खोल्या काढाव्यात असा विषय ओसरीवर निघतो. गावठाणातील घरांची एक अडचण फार जुनी होती : शेताला सातबारा आणि नकाशा असे, पण अनेक गावठाणांत घराखालच्या जागेचा नकाशाच नसे. घरपट्टीची पावती हाच पुरावा.

ही उणीव भरून काढण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारची स्वामित्व योजना सुरू झाली. आकाशातून ड्रोनने गावठाणाची छायाचित्रे घेऊन घरांच्या हद्दी ठरवावयाच्या आणि मालकांना मिळकत पत्रिका व सनद द्यावयाची, अशी ती योजना. ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग त्यापूर्वीच पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी झाला होता. आपल्या गावाची मोजणी झाली आहे काय, आणि झाली असल्यास मिळकत पत्रिकेवर नाव कोणाचे लागले आहे, हे ग्रामपंचायतीत जाऊन पाहून यावे. आजोबांचे नाव असेल तर वारसांची नोंद करून घ्यावी. मुंबई-पुण्यात बसून जे काम वर्षभर होत नाही, ते भाऊबीज आणि परतीची गाडी ह्यांच्या मधल्या एका सकाळी मार्गी लागू शकते. चुलते, आत्या सगळे एकत्र असतात, आणि करंज्यांनी तोंड गोड झालेले असते!

दिवाळी ते अक्षय्य तृतीया

मोजणीसाठी दिवाळीनंतरचा काळ अनेक दृष्टींनी चांगला. पाऊस सरलेला असतो, खरिपाचे पीक निघालेले असते, जमीन मोकळी दिसते आणि बांधही दिसतो. कार्तिकात नियमित मोजणीचा अर्ज टाकला, तर तीन महिन्यांच्या हिशेबाने माघाच्या सुमारास ‘क’ प्रत हाती यावी. दरम्यान झोन दाखला आणि भाग नकाशा मागवावा, घराविषयी घरच्या सर्वांशी बोलून घ्यावे. स्वयंपाकघर कोणत्या अंगाला असावे हे वहिनींना आणि देवघर कोठे असावे हे आजींना विचारावे. नंतर वास्तुविशारदाकडून साइट प्लॅन करून अर्ज दाखल करावा. नियमाप्रमाणे असलेल्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. कोठे त्रुटी निघाली नाही, तर चैत्र-वैशाखात परवानगी हातात, आणि मृगाच्या आत जोते वर!

ह्या साऱ्या खटाटोपात सरकारी नकाशांसाठी खर्च होणारी रक्कम घराच्या दरवाजाच्या कडीकोयंड्याएवढीही भरत नाही. जास्त लागते ती सवड आणि थोडी जिज्ञासा. घरातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला जोडीला घ्यावे. महाभूनकाशावर आपला गट शोधून काढावयाचे काम त्यांना द्यावे. मोठेपणी ते घर त्यांचेच होणार आहे. हद्दीचा दगड कोठे आहे हे बापाला ठाऊक होते पण मुलाला नाही, ह्यातूनच तर पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणे उगवतात.

म्हणून मुहूर्त जरूर काढावा, गुरुजींना जरूर बोलवावे. मात्र अक्षय्य तृतीयेला नारळ फोडताना यजमानांच्या एका हातात नारळ असावा आणि दुसऱ्या हातात ‘क’ प्रत. नारळ कोणत्या दगडावर फोडावयाचा, हे त्या प्रतीत पाहूनच ठरवावे. म्हणजे त्याचे पाणी आपल्याच जमिनीत मुरेल.